बर्फ धुणारे हात

टोकियोच्या गिन्झा भागातील एका जुन्या इमारतीच्या तळघरात, जेमतेम नऊ खुर्च्यांच्या एका बारमध्ये, मी पहिल्यांदा कोणाला तरी बर्फ धुताना पाहिले. पांढरा कोट घातलेल्या, साठीच्या घरातल्या त्या बारटेंडरांनी जाड काचेच्या भांड्यात बर्फाचे चार-पाच तुकडे एकमेकांना धरून राहतील असे रचले, त्यांवर थोडे पाणी ओतले, लांब दांड्याचा चमचा दोन-तीनदा हलकेच फिरवला, भांड्याच्या तोंडाला गाळणी लावली आणि ते सगळे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत निथळून टाकून दिले. एवढे झाल्यावर मग त्यांनी बाटलीला हात लावला. भांडे गार करून घेत असावेत, अशी मी माझी समजूत करून घेतली. तिसऱ्या की चौथ्या भेटीत जपानी बोलण्याचा धीर आल्यावर मी त्यांना याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘बर्फाचे कोपरे काढतो.’

नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे टोकियोत राहिले. घर निशी-कसाईला होते, जिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळे मिळते. शुक्रवारी काम संपल्यावर कायाबाचोला गाडी बदलून मी गिन्झाला उतरत असे. मला दारूचे फारसे वेड कधीच नव्हते आणि आजही नाही. दोन पेयांच्या पुढे मी क्वचितच गेले असेन. मी जात असे ती ते हात पाहण्यासाठी, आणि त्या सहा वर्षांत माझे एक मत पक्के होत गेले. जपानी कॉकटेलची सगळी कला म्हणजे मुळात पाण्याचा हिशेब आहे. बाकीचे जे आपल्या डोळ्यांत भरते, ते चमच्याचे फिरणे, शेकरचा, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या झाकणाच्या भांड्याचा नाद, हिऱ्यासारखा कोरलेला बर्फ, ते सगळे या हिशेबापोटी आलेले आहे.

शाळेत आपण सगळ्यांनीच अप्रकट उष्मा शिकलेला असतो. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होतो, तेव्हा तो भोवतालची ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. तेच एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला केवळ एक कॅलरी काढावी लागते. याचा अर्थ असा की पेय गार होते ते बर्फाच्या गारव्याने फार थोडे, आणि त्याच्या वितळण्याने फार जास्त. मद्यात अल्कोहोल असल्यामुळे ते शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, म्हणून बर्फ वितळत राहतो आणि पेय शून्याच्याही खाली उतरते. गारवा आणि पाणी हे असे एकाच दाराने आत येतात. एकाला घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही. मग बारटेंडरच्या हाती उरते ते एवढेच की आत येणारे प्रत्येक थेंब पाणी त्याने मोजलेले असावे. फोडलेल्या बर्फाच्या अंगावर जे पाणी आधीपासून असते, कडांवर जो भुगा आणि बारीक कपच्या चिकटलेल्या असतात, ते सगळे पेयात शिरताक्षणी मिसळते आणि हिशेबाबाहेर चव पातळ करते. बर्फ धुवायचा तो या न मोजलेल्या पाण्यासाठी. शिवाय फ्रीझरमधून काढलेला फार कोरडा, फार थंड बर्फ मद्याचा स्पर्श होताच तडकतो, आणि तडकला की पुन्हा कपच्या; म्हणून त्याला आधी पाण्याने थोडा नरम करून घ्यायचा. ‘कोपरे काढतो’ या दोन शब्दांत एवढे सगळे होते.

तो बर्फही घरच्यासारखा नसतो. टोकियोत आजही बर्फाचे व्यापारी आहेत आणि संध्याकाळच्या आत गिन्झाच्या गल्ल्यांमध्ये त्यांच्या गाड्या उभ्या असलेल्या दिसतात. कारखान्यात पाण्याचे डबे थंड खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यांत सतत हवा सोडून पाणी हलते ठेवतात आणि दोन दिवसांहून अधिक काळ ते सावकाश गोठू देतात. गोठताना बर्फ बाहेरून आत सरकत जातो आणि पाण्यात विरघळलेली हवा नि क्षार स्वतःपुढे ढकलत नेतो. शेवटी मध्यभागी उरलेले ते गढूळ पाणी काढून टाकून तिथे स्वच्छ पाणी भरतात. अशी एक लादी १३५ किलोची होते. आपल्या मासळी बाजारातली बर्फाची लादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आकाराची कल्पना येईल, पण हिच्या आरपार वर्तमानपत्र वाचता येते. करवतीने तिचे तुकडे पडतात, ते बारमध्ये येतात, आणि तिथे ते पुन्हा चाकूने आणि तीन दात्यांच्या टोच्याने हातात धरून घडवले जातात. व्हिस्कीसाठी गोळा, उंच पेल्यासाठी लांब दांडा, ढवळण्यासाठी ओबडधोबड पण कोपरे मारलेले तुकडे.

गोळ्याच्या आकारामागेही तोच हिशेब आहे. एवढ्याच वजनाच्या बर्फाला कमीत कमी पृष्ठभाग हवा असेल तर गोलापेक्षा चांगला आकार नाही, आणि पृष्ठभाग जितका कमी तितके वितळणे सावकाश. हिदेत्सुगु उएनो यांनी मात्र बर्फाला पैलू पाडून हिऱ्याचा आकार द्यायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये गिन्झात उघडलेला त्यांचा ‘बार हाय फाइव्ह’ त्या हिऱ्यांमुळे जगभर ओळखला जाऊ लागला. मी ते काम जवळून पाहिले आहे. डाव्या हाताच्या तळव्यावर कापड, त्यावर मुठीएवढा बर्फ, उजव्या हातात साधा स्वयंपाकाचा वाटावा असा चाकू, आणि पात्याच्या प्रत्येक फटक्यासरशी एक सपाट, ओला, काचेसारखा पैलू. तो खडा पेल्यात सोडून वर व्हिस्की ओतली की त्याच्या कडा नाहीशा होतात आणि पेल्यात बर्फ आहे की नाही याचाच संभ्रम पडतो. उएनो यांचे ज्येष्ठ सहकारी हिसाशी किशी, ज्यांनी १९९६ साली आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचे जगज्जेतेपद मिळवले, ते अशा अदृश्य होणाऱ्या बर्फाला ‘निंजा आइस’ म्हणतात.

आता ढवळण्याकडे येते, कारण माझ्या मते तिथेच बारटेंडरची खरी ओळख पटते. ज्या भांड्यात ढवळतात त्याच्यावर बहुधा तिरप्या रेघांची जाळी कोरलेली असते. तिला ‘याराई’ म्हणतात. बांबू तिरपे रोवून केलेल्या कुंपणाचे हे नाव आहे. चमच्याचा दांडा पिळाचा असतो आणि तो मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यात धरायचा असतो. अंगठा आणि तर्जनी नुसती आधाराला. मनगट हलत नाही. बोटांच्या पुढे-मागे होण्याने चमचा भांड्याच्या कडेकडेने फिरतो, त्याची पाठ सतत काचेला टेकलेली राहते आणि आतला बर्फ एकसंध चाकासारखा वळतो. बर्फ बर्फावर आपटला तर कपच्या निघतात, कपच्या निघाल्या तर हिशेब चुकतो. म्हणून चांगल्या ढवळण्याला आवाज नसतो. मी कितीतरी वेळा डोळे मिटून ऐकले आहे आणि काचेवरून पाणी सरकल्यासारख्या एका अगदी बारीक सळसळीपलीकडे काही ऐकू आलेले नाही.

मी बहुतेक वेळा ‘बांबू’ मागवत असे. कोरडी शेरी दोन भाग, कोरडे व्हर्मुथ एक भाग, संत्र्याच्या सालीच्या बिटर्सचा, म्हणजे कडवट अर्काचा एक थेंब, एवढेच. दोन्ही घटक वाइनच्या कुळातले, त्यामुळे पेय सौम्य. पण सौम्य पेयात चूक लपत नाही. जिन किंवा व्हिस्की चार थेंब पाणी जास्त झाले तरी सावरून नेते. बांबू तेवढ्यानेही भिजलेल्या कागदासारखा लागतो. त्या तळघरातला बांबू मी सहा वर्षांत पन्नासेक वेळा तरी प्यायले असेन आणि तो एकदाही वेगळा लागला नाही.

या पेयाचे नाव योकोहामाशी जोडलेले आहे, आणि जपानी बारची गोष्टही तिथूनच सुरू होते. १८५९ मध्ये योकोहामा हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, परदेशी जहाजांबरोबर परदेशी हॉटेले आली, आणि १८९० च्या सुमारास तिथल्या ग्रँड हॉटेलात लुई एपिंगर नावाचा मूळचा जर्मन गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोहून व्यवस्थापक म्हणून आला. बांबू त्यानेच केला असे जपानमध्ये मानतात. त्याआधीही अमेरिकेत या नावाचे पेय होते असे काही अभ्यासक दाखवून देतात, पण एपिंगरमुळे ते जगभर गेले याबद्दल फारसे दुमत नाही. या हॉटेलांच्या बारमध्ये हाताखाली काम करणाऱ्या जपानी मुलांनी अमेरिकन पद्धत जशीच्या तशी उचलली. १९२३ च्या महाभूकंपात ग्रँड हॉटेल जमीनदोस्त झाले. तिथे शिकलेले हात मात्र टोकियो, कोबे, ओसाका असे पांगून गेलेले होते. १९२९ मध्ये त्यांची स्वतःची संघटनाही उभी राहिली.

इथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले, आणि जपानी बारची ओढ मला का वाटते याचे निम्मे उत्तर त्यात आहे. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. बंदीने दुकाने बंद पडतात ती पुन्हा उघडता येतात, पण शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामधली साखळी तुटली की ती जोडायला दोन-तीन पिढ्या जातात. अमेरिकेतली बरीच जुनी हातोटी अशी लोपली. जपानमध्ये मात्र ती हॉटेलांच्या आणि छोट्या बारच्या कट्ट्यांमागे, युद्धाचा काळ सोडला तर, चालत राहिली. घराण्याची गायकी मूळ गावात विरळ व्हावी आणि दूरच्या एखाद्या संस्थानात कोणीतरी ती जिवापाड सांभाळून ठेवावी, असे आपल्या संगीतात घडलेले आहे, तसेच हे. पुढे १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये एका जपानी मालकाने ‘एंजल्स शेअर’ नावाचा बार काढला. सगळे शांत, मोजूनमापून आणि हातचे ताजे. सॅशा पेट्रास्की यांनी तो पाहिला, त्यावरून प्रेरणा घेऊन १९९९ च्या अखेरच्या रात्री ‘मिल्क अँड हनी’ उघडला, आणि तिथून अमेरिकेत जुन्या कॉकटेलच्या पुनरुज्जीवनाला मोठा जोर आला. उसने घेतलेले जपानने असे व्याजासह परत केले.

शेकरबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण वाद तिथे आहे. जपानी बारटेंडर बहुधा तीन भागांचा, वर झाकणातच गाळणी असलेला शेकर वापरतात, आणि तो तळव्याने न धरता बोटांच्या टोकांनी धरतात. तळव्याची ऊब धातूला लागली तर तेवढा बर्फ फुकट वितळतो. गिन्झातल्या ‘टेंडर’ बारचे काझुओ उएदा यांनी यातून ‘हार्ड शेक’ नावाची स्वतःची पद्धत घडवली. नावावरून वाटते तसा हा जोर लावण्याचा प्रकार नाही. शेकर छातीसमोर वर, मध्ये, खाली असा फिरतो आणि त्याच वेळी मनगटाच्या वळणाने स्वतःभोवतीही वळतो, त्यामुळे बर्फ दोन टोकांवर आपटत न राहता आतल्या सगळ्या भिंतींवरून गडगडत जातो. उएदा यांचे म्हणणे असे की त्यामुळे पेयात अतिशय बारीक बुडबुडे तयार होतात, आणि ते बुडबुडे मद्याचा झणका आणि जीभ यांच्यामध्ये मऊ गादीसारखे राहतात. त्यांचा गिमलेट, म्हणजे जिन आणि लिंबाचे पेय, प्यायलेले लोक याची साक्ष देतात. रंगांवरही त्यांची अशीच हुकमत आहे. १९८६ साली स्पर्धेत पहिल्या आलेल्या त्यांच्या ‘किंग्ज व्हॅली’ या पेयाचा रंग हिरवा आहे, पण त्यात हिरवे असे काहीच घातलेले नाही. स्कॉचचा पिवळा आणि कुरासाओ या संत्र्याच्या सालीच्या मद्याचा निळा यांच्या मेळातून तो हिरवा उमलतो.

कॉकटेलचे शास्त्र अभ्यासणारे न्यूयॉर्कचे डेव्ह अर्नोल्ड यांनी शेकरमध्ये तापमापक ठेवून निरनिराळ्या पद्धती तपासल्या. साधारण बारा-पंधरा सेकंद हलवल्यावर कोणीही, कसेही हलवले तरी तापमान आणि मिसळलेले पाणी जवळपास तेवढेच येते, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो पटतो, कारण अप्रकट उष्मा माणूस पाहून वागत नाही. परंतु तापमान आणि पाणी एवढ्यावर पेय संपत नाही. जिभेवर ते कसे उतरते, फेसाचा पोत कसा आहे, तो किती वेळ टिकतो, हेही पेयच आहे. आणि ज्या माणसाचा हात दररोज, प्रत्येक वेळी अगदी त्याच लयीत फिरतो, त्याला लिंबू आज जरा जास्त आंबट आहे हे पेयातला बदल जाणवून कळते, कारण बदललेली गोष्ट तेवढी एकच असते. माझी आजी ताक घुसळायची तेव्हा तिचे लक्ष रवीकडे नसायचे; ती शेजारणीशी बोलत असायची, आणि मध्येच आवाज जड झाला की हात थांबायचा. डेऱ्यात पाहावे तर लोणी आलेले असायचे. शेकरमधला बर्फ झिजू लागला की त्याचा खणखणाट मऊ होतो, धातूवर दंव धरते, बोटांना गारवा चावू लागतो. बारटेंडर तेव्हा थांबतो. घड्याळाकडे कोणी बघत नाही.

या पाण्याच्या हिशेबाचे दुसरे टोक मला ओसाकात सापडले. ‘सांबोआ’ नावाचा बार १९१८ साली कोबेमध्ये सुरू झाला आणि त्याच नावाचे बार आता ओसाका, क्योतो, टोकियोतही आहेत. तिथला हायबॉल बर्फाविना असतो. व्हिस्की थंडगार, पेला थंडगार, सोड्याची छोटी बाटलीही थंडगार. व्हिस्कीवर सोडा एका दमात ओततात, वरून लिंबाच्या सालीचा एक पीळ देतात आणि पेला सरळ तुमच्या हातात येतो. वितळायला काही नाहीच, त्यामुळे पहिला घोट आणि शेवटचा घोट यांत पाण्याचा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त उबेचा, म्हणून तो रेंगाळत प्यायचा नसतो. उभ्याने, कट्ट्याच्या पितळी नळीवर कोपर टेकवून, दहा मिनिटांत. जिथे बर्फासाठी एवढा जीव टाकतात त्याच देशात बर्फ पूर्णपणे गाळून टाकण्याचीही एक परिपूर्ण रीत असावी, हे मला फार आवडले.

बारच्या मालक-बारटेंडरला गिऱ्हाईक ‘मास्टर’ म्हणून हाक मारतात. जपानी उच्चारात ते ‘मासुता’ होते आणि माझ्या कानांना ते दर वेळी ‘मास्तर’ असेच ऐकू येत असे. आपल्याकडे शाळेतले मास्तर, शिंपी मास्तर, बँड मास्तर. ज्याच्या हातात विद्या आहे आणि जो ती दुसऱ्याला देतो, तो मास्तर. तळघरातल्या मास्तरांकडे एक तरुण शागीर्द होता. मी जायला लागले तेव्हा तो पेले पुसत असे, गरम रुमाल देत असे, बर्फ फोडत असे आणि दार उघडत असे. दीड वर्षाने त्याला हायबॉल करायची परवानगी मिळाली. त्या दिवशी मी योगायोगाने तिथे होते. मास्तरांनी त्याला काही सांगितले नाही, फक्त ते स्वतः कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. त्याने पेल्यातला बर्फ ढवळला, सुटलेले पाणी निथळले, तीस मिलिलिटर व्हिस्की मापाच्या काठोकाठ भरून ओतली, पुन्हा ढवळले, सोडा बर्फाला न लागू देता पेल्याच्या कडेने सोडला आणि चमचा तळापर्यंत नेऊन बर्फाला एकदाच, अलगद वर उचलले. सोडा ढवळला की वायू निघून जातो, म्हणून एकदाच. पेला माझ्यासमोर ठेवताना त्याने दोन बोटे तळाशी धरली होती, कारण ओठ लागतात त्या भागाला हात लावायचा नसतो. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी ‘छान आहे’ म्हणाले, आणि तो खरोखर छान होता.

‘एवढ्याशा गोष्टीला दीड वर्ष कशाला?’ असे मला भारतातल्या काही मित्रांनी विचारले आहे. माझे उत्तर असे की कृती शिकायला एक संध्याकाळ पुरते. पण थकलेले असताना, बार भरलेला असताना, रात्रीच्या एक वाजता तीच कृती तशीच उतरण्यासाठी हात बसावा लागतो. साकाता या समुद्रकाठच्या गावातले केइइची इयामा हे याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे. व्होडका, पांढरे कुरासाओ आणि लिंबाचे गोड सरबत, पेल्याच्या काठाला साखरेचे हिम आणि तळाशी हिरवी चेरी, असे ‘युकिगुनी’ म्हणजे ‘हिमप्रदेश’ नावाचे पेय त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस केले, एका मोठ्या स्पर्धेत ते पहिले आले, आणि त्यानंतर साठ वर्षे ते आपल्या ‘केर्न’ या बारमध्ये तेच पेय स्वतःच्या हाताने करत राहिले. २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते गेले. राजधानीत जाऊन नाव कमवावे असे त्यांना वाटले नाही. लोकच गाडी पकडून साकाताला येत राहिले.

कट्ट्याच्या अलीकडच्या बाजूबद्दलही लिहायला हवे, विशेषतः एकट्या बाईच्या नजरेने. महाराष्ट्रात परमिट रूम हा शब्द उच्चारला की कोणते चित्र डोळ्यांसमोर येते ते मी सांगायला नको. तिथे एकटी जाऊन बसण्याचा विचार मी पुण्यात कधी केला नव्हता. गिन्झात मी पहिल्या रात्री दार ढकलले तेव्हा मास्तरांनी एका क्षणात मला पाहिले आणि कट्ट्याच्या आतल्या टोकाची, भिंतीलगतची खुर्ची दाखवली. पुढे ध्यानात आले की कोण कोणाशेजारी बसेल हे तेच ठरवतात. मोठ्याने बोलणारे दाराजवळ, एकटे आलेले कोपऱ्यात, आणि मध्ये एखादी खुर्ची मुद्दाम रिकामी. कोणी अनोळखी माझ्याशी नको तेवढे बोलू लागला की मास्तर त्याच क्षणी त्याला एखादी बाटली दाखवायला काढत. शब्दाने कोणालाही दुखावलेले मी पाहिले नाही. छापील यादी तिथे नव्हती. आज किती दमला आहात, जेवण झाले आहे का, आंबट आवडेल का, असे दोन-तीन प्रश्न विचारून ते काय करायचे ते ठरवत. बसण्याचे वेगळे पैसे लागतात आणि बिलात ते दिसतात तेव्हा नवख्या माणसाला राग येतो. मला मात्र त्या मोबदल्यात काय मिळते ते कळत होते. सगळीकडेच असे स्वागत झाले नाही. एका बारच्या दारातून मला परदेशी चेहरा पाहून हाताची फुली करून परत पाठवले गेले होते, आणि ते मला आजही खुपते. ज्या देशाने पाहुण्यांकडून ही विद्या घेतली, त्याने पाहुण्याला दारातून वळवावे हे मला अजून पचलेले नाही.

अलीकडे हे जग बदलते आहे आणि ते बदलणे मला आवडते. शिंजुकूच्या ‘बेन फिडिच’मध्ये हिरोयासु कायामा सैतामातल्या आपल्या घरच्या शेतातल्या वनस्पती आणतात आणि खलबत्त्यात कुटून त्यांची पेये करतात. अझाबु-जुबानमध्ये गेन यामामोतो आठ जणांसाठी, मिझुनारा ओकच्या एका अखंड फळीच्या कट्ट्यावर, त्या दिवशीच्या फळांची छोटी छोटी पेये एकामागून एक मांडतात. तिथे मी जानेवारीत प्यायलेला किंकानचा, म्हणजे त्या चिमुकल्या संत्र्याचा पेला माझ्या जिभेवर अजून आहे. पण या नव्या मंडळींच्याही हाताकडे पाहिले की दिसते, बर्फाचे कोपरे त्यांनीही आधी मारलेले असतात.

टोकियो सोडण्याच्या आधीच्या शुक्रवारी मी तळघरात गेले तेव्हा मास्तरांनी काही न विचारता बांबू केला. शेवटी त्यांनी मला एक जुना चमचा कागदात गुंडाळून दिला. त्याच्या दांड्याचा पीळ मधोमध झिजून गुळगुळीत झाला आहे, नेमका मधले बोट आणि अनामिका जिथे येतात तिथे.

पुण्याच्या घरी मी आता स्वच्छ बर्फ करते. त्यासाठी कारखाना लागत नाही. जाड थर्माकोलचा छोटा डबा घ्यायचा, पाण्याने भरायचा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवायचा. चारी बाजूंनी आणि खालून थंडी पोचत नसल्याने पाणी केवळ वरून खाली गोठत जाते, आणि हवा व क्षार तळाकडे ढकलले जातात. चोवीस तासांच्या आसपास, तळाचे पाणी अजून गोठायचे असताना, डबा उलटा करायचा. वरची चारेक बोटे लादी काचेसारखी निघते. उशीर झाला तर तळाचा थर पांढरा, धुरकट होतो, तो दातेरी सुरीने वेगळा काढावा लागतो. कापण्याआधी बर्फ दहा मिनिटे बाहेर राहू द्यावा, नाहीतर तो सुरीखाली वेडावाकडा तडकतो.

आई दारू पीत नाही. मे महिन्यात एकदा मी तिच्यासाठी कोकमाचे सरबत करत होते, आणि सवयीने आधी बर्फावर पाणी घालून चमचा फिरवून ते निथळून टाकले. ती ओट्याजवळ तांदूळ घेऊन उभी होती. ‘अगं, बर्फ कसला धुतेस?’ तिने विचारले. मी तिला कपच्यांचे, न मोजलेल्या पाण्याचे सगळे सांगायला लागले. तिचा हात तांदळाच्या पातेल्यात होता. तिने तिसरे पाणी ओतून दिले, चौथे घातले, ते नितळ राहिले तशी ती म्हणाली, ‘मग बरोबर आहे.’ आता डबा उलटा करायला मला उशीर झाला तर धुरकट राहिलेला तुकडा ती पातेलीत काढून ठेवते आणि संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालते.